जुन्या ट्रेनर विमानाच्या एलेरॉनची बिजागरी सैल झाली आहे. ती खात्रीशीर पक्की कशी करावी?

जुळे_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार. एका परिचितांनी छंद थांबवताना आपले बाल्सा लाकडाचे, रिमोटवर उडणारे जुने ट्रेनर (सरावाचे) मॉडेल विमान मला दिले. पंखविस्तार दीड मीटरच्या आसपास आहे आणि पंख धडाच्या वर बसतो. पूर्वी त्यावर ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारे छोटे इंजिन) होते. ते काढून आता विद्युत मोटर बसवली आहे आणि बॅटरी धरून वजन सव्वादोन किलो भरते. विमान उडवण्याआधी सगळ्या हलत्या भागांची तपासणी करत असताना डाव्या एलेरॉनचे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाचे, धडाकडचे टोक चिमटीत धरून ओढले, तेव्हा ते पंखापासून साधारण एक मिलिमीटर बाहेर सरकले आणि सोडताच परत आत गेले. फटीतून पाहिले तर पांढुरकी पातळ पट्टी दिसते, म्हणजे बिजागऱ्या सीए (सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट जमणारा गोंद) प्रकारच्या असाव्यात. त्या एलेरॉनच्या बाकीच्या बिजागऱ्या ओढून पाहता हलत नाहीत. उजवा एलेरॉन घट्ट वाटतो.

शेपटीकडे मात्र वेगळाच प्रकार आहे. एलेव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या आडव्या भागाच्या मागच्या हलत्या कडेला, नायलॉनच्या, मध्ये धातूची पिन असलेल्या बिजागऱ्या लावलेल्या आहेत आणि त्या एपॉक्सीने (दोन भाग मिसळून जमणाऱ्या गोंदाने) बसवल्यासारख्या दिसतात. त्या सैल नाहीत, उलट एलेव्हेटर जड चालतो. पुशरॉड (तो हलवणारी दांडी) सोडून हाताने हलवला तरी तो आपल्या वजनाने खाली पडत नाही.

लाकडावर इस्त्रीने चिकटवलेली फिल्म चांगल्या स्थितीत असल्यामुळे ती काढण्याची माझी इच्छा नाही. सैल बिजागरीच्या फटीत सीएचे थेंब सोडले तर पुरेसे होईल का, की एलेरॉन पूर्ण काढून नव्याने बसवावा? तसेच आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात, गाडीच्या डिकीत विमान ठेवल्यावर, सीए किंवा एपॉक्सी यांपैकी अधिक भरवशाचे काय, हेही जाणकारांनी सांगावे.

सात_रस्ता यांचे उत्तर

आपण ओढून पाहिलेत हे उत्तम केलेत, कारण बिजागरी सैल असल्याचे नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही. थेंब सोडण्याआधी ती सुटली कशामुळे याचा विचार करावा, अन्यथा तेच पुन्हा होईल.

आपले विमान पूर्वी ग्लो इंजिनवर चालत होते, ही माहिती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्लो इंधनात मिथेनॉलबरोबर बरेच तेल असते आणि त्यातले बहुतेक न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडते. ते धडावर, पंखाच्या मुळाशी खालच्या बाजूने आणि शेपटीवर पसरते. फिल्मच्या कडा जिथे संपतात तिथून, म्हणजे बिजागरीच्या खाचेतूनच, ते लाकडात मुरते. आपली सैल बिजागरी नेमकी धडाजवळची आहे, त्यामुळे मला गोंदापेक्षा तेलाचाच संशय अधिक येतो. तेल प्यालेल्या बाल्साला सीए धरत नाही आणि एपॉक्सीही नीट धरत नाही. फटीत कागदी रुमालाची घडी सरकवून वरून कोमट इस्त्री क्षणभर ठेवावी. कागदावर पारदर्शक डाग उमटला तर उत्तर मिळाले.

लाकूड कोरडे निघाले, तर दुसरी शक्यता अशी की गोंद खाचेच्या तोंडाशीच जमला आणि आत पोहोचलाच नाही. सीए बिजागरी म्हणजे मधे चिवट प्लॅस्टिकचा पत्रा आणि दोन्ही अंगांना गोंद शोषणारा तंतुमय थर. त्या थरातून पाण्यासारखा पातळ सीए आतपर्यंत ओढला जातो, म्हणून इथे मध्यम किंवा जाड सीए उपयोगाचा नाही. पातळ सीएसुद्धा आत जाण्यापूर्वीच कडेला जमू नये यासाठी खाचेच्या मध्यभागी, खाचेइतके खोल, सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचे भोक पंखात आणि एलेरॉनमध्ये पाडतात. गोंद त्या भोकातून थेट तळाशी उतरतो आणि तिथून दोन्हीकडे पसरतो. ज्यांनी हे विमान बांधले त्यांनी भोक पाडले होते की नाही, हे बाहेरून कळणार नाही.

माझे मत स्पष्ट आहे: डावा एलेरॉन पूर्ण सोडवावा. फटीतून बारीक दातांचे पातळ पाते घालून सगळ्या बिजागऱ्या कापाव्यात. जुन्या पट्ट्या उकरून काढण्याच्या भानगडीत पडू नये; त्या तशाच राहू द्याव्यात आणि नव्या खाचा त्यांच्या बाजूला, दीडएक सेंटिमीटर सोडून, पाडाव्यात. फिल्म काढावी लागत नाही. नव्या खाचेच्या जागी फिल्मची अगदी अरुंद पट्टी कापली की पुरे, कारण खाचेच्या तोंडावर फिल्म राहिली तर गोंद लाकडाऐवजी तिच्यावरच पसरतो.

बसवताना बिजागरीच्या मध्यभागी टाचणी टोचून ठेवावी, म्हणजे अर्धी पट्टी पंखात आणि अर्धी एलेरॉनमध्येच राहते. एलेरॉन जोडून टाचण्या काढाव्यात, फट कागद जेमतेम सरकेल इतकीच ठेवावी आणि मग एका बाजूने पाच-सहा थेंब एकेक करून, आधीचा शोषला गेल्यावर पुढचा, असे सोडावेत. विमान उलटे करून दुसऱ्या बाजूनेही तेच करावे. गोंद लवकर जमावा म्हणून फवारा मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फवारा मारलेला गोंद पृष्ठभागावर लगेच कडक होतो आणि आतला भाग उपाशीच राहतो. शिवाय त्या जागी पट्टी ठिसूळ होऊन वाकण्याच्या रेषेवरच तडकू शकते.

आणखी एक गोष्ट. आपल्या विमानात एलेरॉन पंखाच्या जवळजवळ संपूर्ण लांबीचे असतील, तर ते मुळाशी वाकवलेल्या तारेने, म्हणजे टॉर्क रॉडने, फिरत असतील. ती तार पंखातल्या नळीत मोकळी फिरली पाहिजे. सीए सोडण्याआधी नळीच्या तोंडाशी काडीने व्हॅसलिनचा लहानसा ठिपका लावावा.

काळी_माती यांचे उत्तर

वरील सर्व सूचना योग्य आहेत, परंतु एक बिजागरी सैल झाली म्हणून सगळ्या कापाव्यात हे मला पटत नाही. ज्या घट्ट आहेत त्या ओढून पाहिल्यावरही हलल्या नाहीत, तर त्यांना हात लावू नये. सैल बिजागरी जागच्या जागी पक्की करण्याचा जुना आणि भरवशाचा उपाय आहे, तो म्हणजे खुंटी.

सर्वसाधारण सीए बिजागरी सुमारे एकोणीस मिलिमीटर रुंद आणि पंचवीस मिलिमीटर लांब असते. म्हणजे प्रत्येक बाजूला बारा मिलिमीटरच्या आसपास पट्टी आत असते. बिजागरीच्या रेषेपासून सहा मिलिमीटर आत, पंखाच्या वरच्या पृष्ठभागातून खाली आरपार, दीड मिलिमीटरचे भोक पाडावे. ड्रिल मशीन वापरू नये. बिट बोटांच्या चिमटीतच फिरवावा. पट्टी भेदली जाते तेव्हा बोटांना किंचित चरचरीत अडथळा जाणवतो आणि पुन्हा बाल्साचा मऊपणा लागतो. तो अडथळा जाणवला नाही, तर भोक पट्टीच्या बाहेर पडले आहे असे समजावे. तसेच एक भोक एलेरॉनच्या बाजूलाही पाडावे.

खुंटीसाठी टूथपिक चालते, पण ती निमुळती असल्यामुळे तिची जाडी जागोजागी बदलते. मी उदबत्तीच्या काडीचा खालचा, मसाला न लावलेला भाग वापरतो. ती बांबूचीच असते, सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि घरात असतेच. रंगवलेला थर पॉलिश पेपरने घासून काढावा, काडी भोकातून सरकवावी, दोन्ही टोकांना पातळ सीएचा एकेक थेंब द्यावा आणि वाळल्यावर धारदार पात्याने सपाट कापून वर त्याच रंगाच्या फिल्मची टिकली इस्त्रीने चिकटवावी. आता गोंदाने दगा दिला तरी पट्टी खुंटीतून निसटू शकत नाही.

हा उपाय मी इतक्या आग्रहाने सांगतो याला आपल्याकडची जमीन कारणीभूत आहे. ज्वारी काढल्यानंतरच्या रानात आपण विमाने उतरवतो. काळ्या मातीतली वाळलेली धसकटे खिळ्यासारखी ताठ असतात आणि विमान जमिनीवर घसरत असताना एलेरॉनच्या किंवा एलेव्हेटरच्या मागच्या कडेला अडकून तो भाग मागे खेचतात. उड्डाणात बिजागरीवर येणारा भार बहुतेक करून वर-खाली असतो. धसकटाचा हिसका मात्र सरळ बाहेरच्या दिशेने बसतो, आणि नेमक्या त्या दिशेला नुसत्या गोंदावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. गुळगुळीत धावपट्टी असलेल्या मंडळींना खुंट्या अनावश्यक वाटतात, त्यांचे त्यांच्या जागी खरे असेल.

सात_रस्ता यांचे उत्तर

खुंटीला माझा विरोध नाही, विशेषतः नायलॉनच्या बिजागरीला ती अवश्य द्यावी. सीए बिजागरीत गोंद नीट मुरला असेल तर ती ओढून काढताना बाल्सा फाटते पण पट्टी सुटत नाही. अशा पट्टीला मधोमध भोक पाडून काही मिळत नाही. आणि लाकूड तेलकट असेल तर खुंटीभोवतीचे लाकूडही तेलकटच असणार. मऊ झालेली बाल्सा खुंटी किती काळ धरून ठेवेल? म्हणून कागदी रुमालाची चाचणी आधी करावी, इतकाच माझा आग्रह आहे. डाग आला, तर टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून तिचा लेप खाचेभोवती द्यावा, वाळल्यावर ब्रशने झटकावा आणि डाग येणे थांबेपर्यंत तसेच करावे. अ‍ॅसिटोन वापरू नये. त्याने फिल्मचा रंग आणि तिच्या पाठीवरचा गोंद दोन्ही विरघळू शकतात. लाकूड गडद तपकिरी आणि स्पंजासारखे झाले असेल, तर तेवढा तुकडा कापून नवी बाल्सा बसवण्याला पर्याय नाही.

पार्क_चौक यांचे उत्तर

चर्चा एलेरॉनवर केंद्रित झाली आहे. मला एलेव्हेटरची अधिक काळजी वाटते. एक एलेरॉन निकामी झाला तरी रडरच्या (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाच्या) साहाय्याने हे ट्रेनर बहुधा जमिनीवर आणता येईल. एलेव्हेटर गेला तर विमान गेलेच.

जड चालणाऱ्या एलेव्हेटरची दोन कारणे संभवतात आणि ती हाताने ओळखता येतात. पिनेभोवतीच्या गाठीत, म्हणजे बिजागरीच्या वळणाऱ्या सांध्यात, एपॉक्सी शिरले असेल, तर एलेव्हेटर कुठल्याही स्थितीत सारखाच जड लागतो, सोडाल तिथे थांबतो आणि कधी कधी बारीक करकर ऐकू येते. याउलट सगळ्या बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ रेषेत नसतील, तर मध्यावर तो मोकळा असतो, टोकांकडे नेताना स्प्रिंगसारखा विरोध करतो आणि सोडल्यावर आपणहून मध्याकडे परततो. आपल्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो. गाठीच्या दोन्ही बाजूंना साचलेले एपॉक्सी बारीक पात्याच्या टोकाने खरवडून, एलेव्हेटर पूर्ण वर आणि पूर्ण खाली असा सावकाश फिरवत राहिल्यास पुष्कळदा मोकळा होतो. दुसरा प्रकार निघाला तर मात्र रेषेतून सुटलेली बिजागरी कापून नवी बसवावी लागेल, त्याला इलाज नाही. जड एलेव्हेटर तसाच ठेवला तर सर्व्हो (एलेव्हेटर हलवणारी छोटी मोटर) सतत ताणाखाली राहतो, अधिक विद्युतप्रवाह ओढतो आणि मध्यावर अचूक परतत नाही.

नायलॉनची नवी बिजागरी बसवायची झाल्यास तिची दोन्ही पाने पॉलिश पेपरने खरखरीत करावीत, कारण गुळगुळीत नायलॉनला एपॉक्सी नीट चिकटत नाही. तिला खरी पकड मिळते ती पानांतल्या छिद्रांतून आरपार गेलेल्या एपॉक्सीने आणि वर सांगितलेल्या खुंटीने. गाठीवर व्हॅसलिन लावावे, मात्र पानांवर त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. एपॉक्सी पानावर फासून चालत नाही, ते काडीने खाचेच्या आत भरावे लागते, कारण पान आत सरकताना त्यावरचे एपॉक्सी तोंडाशीच पुसले जाते.

आता फटीविषयी. बिजागरी घट्ट असली आणि फट मोठी असली तरी काम अर्धवटच आहे. खालच्या बाजूची जास्त दाबाची हवा फटीतून वर निसटते, त्यामुळे तो भाग कमी प्रभावी ठरतो. सैल जोडणी आणि मोठी फट एकत्र आली की वेग वाढल्यावर फ्लटर, म्हणजे तो भाग आपोआप वेगाने फडफडणे, सुरू होण्याची शक्यता वाढते. बिजागरीवरचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; संथ फेरीच्या दुप्पट वेगाने सूर मारला तर तो चौपट होतो. म्हणून जमिनीवर बरी वाटणारी एक मिलिमीटरची हालचाल सुरात घातक ठरते. फ्लटर दिसण्याआधी बहुतेकदा ऐकू येतो, भुंग्यासारखा घुमणारा आवाज. तो कानावर पडताच थ्रॉटल बंद करून नाक हलकेच वर घ्यावे, वेग कमी करावा आणि उतरल्यावर प्रत्येक बिजागरी, हॉर्न (पुशरॉड जोडायचा दांडा) आणि क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची पकड) तपासल्याशिवाय पुन्हा उडवू नये.

आपल्या एलेव्हेटरचे दोन भाग आतून तारेने जोडलेले आहेत का, हेही पाहावे. एक अर्धा भाग बोटांनी स्थिर धरून दुसरा हलवला असता हालचाल जाणवता कामा नये. ही अडचण मोठ्या विमानांइतकीच जुनी आहे: १९१६ मध्ये हँडली पेज कंपनीच्या ब्रिटिश बाँबफेकी विमानाच्या शेपटीला उड्डाणात जबरदस्त कंप सुटत असत. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याचा छडा लावला. डावा आणि उजवा एलेव्हेटर एकमेकांशी पक्के जोडलेले नसल्यामुळे ते विरुद्ध दिशांना फडफडत आणि धड पिळवटले जाई. दोन्ही एलेव्हेटर एका भक्कम नळीने जोडण्याचा उपाय त्यांनी सुचवला. आपल्या विमानातली वाकवलेली तार हेच काम करते, आणि तिच्याभोवतीची बाल्सा झिजून तार आत खेळू लागली असेल तर बिजागऱ्या कितीही पक्क्या असल्या तरी उपयोग नाही.

बाळीवेस यांचे उत्तर

थोडे वेगळे सुचवतो. बाल्सा परगावाहून मागवावा लागतो आणि चांगल्या बिजागऱ्याही. नवशिक्यांनी साध्या विमानासाठी दोऱ्याच्या बिजागऱ्या का वापरू नयेत? पूर्वी कंट्रोल लाइनच्या (तारांना बांधून गोल उडवायच्या) विमानांना त्या सर्रास असत. दोन्ही कडांना समोरासमोर बारीक छिद्रे पाडून दोरा एकदा वरून खाली आणि पुढच्या छिद्रात खालून वर, असा इंग्रजी आठाच्या आकारात ओवायचा; छिद्रांपाशी सीएचा थेंब द्यायचा आणि फटीतला दोरा कोरडा ठेवायचा. आपल्या गावात दोऱ्याची वाण नाही, पण यंत्रमागावरचे सुती सूत घेऊ नये. ते ताणले जाते आणि घासून तुटते. पॉलिएस्टरचा पिळदार दोरा घ्यावा. सव्वादोन किलोच्या विमानावर मी हा प्रयोग सुचवणार नाही. हलक्या, संथ विमानासाठी मात्र तो निर्धोक आहे.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदी रुमालाची चाचणी केली. डाव्या एलेरॉनच्या मुळाशी स्पष्ट डाग आला, बाहेरच्या बिजागऱ्यांपाशी आला नाही. टाल्कम पावडरचा लेप दिला आहे. एलेव्हेटरच्या गाठीतून खरवडताना पिवळसर, काचेसारखे कण निघाले आणि आता तो आपल्या वजनाने खाली येतो. आतली तारही घट्ट आहे. पार्क चौक काका, उन्हाविषयीचा प्रश्न तेवढा राहिला आहे.

पार्क_चौक यांचे उत्तर

पाच मिनिटांत जमणारे एपॉक्सी सावकाश जमणाऱ्या एपॉक्सीपेक्षा उष्णतेने लवकर मऊ पडते, म्हणून बिजागरीसाठी अर्ध्या तासाचे किंवा रात्रभर जमू द्यायचे साधे अ‍ॅरल्डाइट घ्यावे. तेही बंद डिकीत तासन् तास तापू देऊ नये. पंख ताण न देता सपाट ठेवावेत, एलेरॉनवर काही टेकवू नये. तापून नरम झालेला जोड भाराखाली हळूहळू सरकतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. जमलेल्या सीएला आपल्या उन्हाचा तितका त्रास होत नाही. त्याचा प्रश्न जमण्याच्या वेळी येतो. सीए हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने जमतो. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो, त्यामुळे घाईने ओढून न पाहता विमान काही तास तसेच राहू द्यावे. पावसाळ्यात उलट होते. दमट हवेत तो आत मुरण्याआधीच धरू लागतो, तेव्हा मधले भोक पाडणे आणखी गरजेचे ठरते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. थंड बाटलीत हवेतला ओलावा साचला तर उरलेला गोंद बाटलीतच दाट होतो.

तेल निघून गेल्यावर मुळाजवळची नवी बिजागरी टॉर्क रॉडच्या शक्य तितकी निकट बसवा, कारण एलेरॉन फिरवणारा जोर तिथेच लागतो. फट बुजवायची असल्यास एलेरॉन पूर्ण वर वळवून खालच्या बाजूने पारदर्शक फिल्मची पट्टी खाचेत इस्त्रीने बसवा. सरळ स्थितीत बसवली तर एलेरॉन वर जाताना ती ताणली जाते आणि सर्व्होला तिच्याशी झगडावे लागते.